एक्सयूव्ही ७०० च्या मागे जीपचा ट्रेलर: वाई ते कोथरूड, जमेल का?

वाईकर_कोथरूडात

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागतो.

आजोबांची डिझेल जीप वाईला वाड्यामागच्या गोठ्यात नऊ वर्षं उभी आहे. इंजिन हलतं, पण ब्रेकचं मास्टर सिलिंडर गेलंय आणि टायरचे दगड झालेत. ती कोथरूडला आणून नीट करायची, आणि मग दोन-तीन महिन्यांतून एकदा मुळशीच्या पुढे चिखलात घालायची असा बेत आहे. चालू होती तेव्हाही रस्त्यावर पन्नासच्या वर नेली की बसणाऱ्याचे दात वाजायचे. म्हणून दर वेळी ट्रेलरवर घालूनच न्यावी म्हणतो.

माझ्याकडे एक्सयूव्ही ७०० डिझेल ऑटोमॅटिक आहे. १८५ पीएस, ४५० न्यूटन मीटर. जीप असेल टनभर. एका फॅब्रिकेटरकडे दोन एक्सलचा ट्रेलर जवळजवळ तयार आहे, कोणीतरी ऑर्डर देऊन न्यायलाच आला नाही म्हणे. हुकही तोच बसवून देतो म्हणतोय. ट्रेलरच्या ब्रेकचं विचारलं तर "गाडीला आहेत की ब्रेक" म्हणाला. तिथे मला जरा शंका आली.

४५० एनएमला एवढं ओझं जड जाईल का? खंबाटकीच्या बोगद्यातून येताना चढावर गिअरबॉक्स तापेल का? कोणी पुण्यात असं काही ओढतं का?

पम्या_डेक्कन

फ्लॅटबेड मागव, चहा पीत मागे मागे ये. जीपही शाबूत, एक्सयूव्हीही शाबूत. आणि तो ट्रेलर लावणार कुठे? आमच्या सोसायटीत पाहुण्यांची अॅक्टिव्हा दोन दिवस उभी राहिली तर सेक्रेटरी ग्रुपवर फोटो टाकतात.

ऊसवाला_बारामती

काय राव घाबरवताय पोराला. आमच्याकडं सीझनला पंचेचाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या लावून कारखान्यावर जातो. याच्याकडं १८५ आहेत. बिनधास्त ओढ.

भोसरीकाका

ऊसवाले, तुमचा ट्रॅक्टर ताशी वीसने जातो आणि मागच्या चाकांत पाणी भरलेलं असतं. तरी चढाला त्याची पुढची चाकं हवेत उचललेली तुम्ही बघितली नाहीत असं सांगू नका.

आता वाईकर, तुझ्याशी बोलतो. मी भोसरी एमआयडीसीत तीस वर्षं लोखंड जोडतोय. ट्रेलर विकत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर धंद्यासाठी लिहितोय असं वाटायचं. माझा स्वतःचा एक आहे, दोन एक्सलचा, अकरा वर्षं जीप घालून फिरवतोय. आधी दुसऱ्या गाडीने ओढायचो, आता स्कॉर्पिओ एन आहे.

तू तीन प्रश्न विचारलेस आणि पहिले दोन्ही इंजिनाचे. इंजिन ओढेल. चढाला लायनीत ट्रकच्या मागे गपगुमान चालवलंस तर गिअरबॉक्सही फारसं कुरकुरणार नाही. त्या रस्त्यावर मला भीती चढाची नाही. तू साताऱ्याकडून येणार, म्हणजे खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर ते एस वळण, आणि पुढे नवीन कात्रज बोगदा संपला की नऱ्ह्यावरून थेट नवले पुलापर्यंत लांबलचक उतार. त्या उतारावर ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकतात आणि काय होतं ते आपण पेपरात वाचतोच.

माझी गंमत तिथेच झाली. गंमत आता म्हणतो.

ट्रेलर नवा होता. शिरवळजवळून एकाची बंद जीप आणायची होती. स्टार्टर मेलेला, जागा अडचणीची, म्हणून चार जणांनी ढकलून जशी आली तशी चढवली, म्हणजे उलटी. इंजिन ट्रेलरच्या शेपटाकडे, मागचं टपाड माझ्या गाडीकडे. पट्टे आवळले आणि निघालो. सपाटीला काही कळलं नाही. उलट गाडी हलकी वाटत होती, स्टिअरिंगही मऊ. मला वाटलं, वा, काय ट्रेलर बनलाय! बोगद्यातून बाहेर पडलो, उतार लागला, साठ-पासष्टचा वेग असेल, आणि उजवीकडून एक बस झपकन गेली. तिच्या वाऱ्याने ट्रेलरचं ढुंगण एकदा डावीकडे गेलं. मग उजवीकडे, जरा जास्त. मग डावीकडे, अजून जास्त. आरशात एकदा ट्रेलरची एक बाजू दिसायची, एकदा दुसरी. मी ब्रेक दाबला. तीच चूक. गाडी थांबायला बघते, मागचं ओझं थांबायला तयार नाही, ते गाडीलाच मागून ढकलत आडवं करायला लागतं.

का कोण जाणे, पाय काढला. शहाणपणाने नव्हे, भीतीने निघाला असेल. स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, झोक्याच्या उलट फिरवत बसलो नाही. वेग आपोआप पन्नास, चाळीस झाला आणि शेपूट शांत झालं. कडेला लावली. थर्मासचं झाकण उघडायला गेलो तर बोटांना ते फिरवता येईना. बरोबरच्या मित्राने उघडून दिलं, त्याचेही हात काही फार स्थिर नव्हते.

आता कारण ऐक. तुझे आजोबा असते तर त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं. बैलगाडी मागे जड भरली की उलाळ होते, जू वर उचलतं आणि सापत्या, म्हणजे जुवाचे गळ्याखालचे पट्टे, बैलांच्या गळ्याला काचतात. पुढे जड भरली की धुरजड, सगळा भार मानेवर. जाणता गडी पोती रचताना मधेच धुरीला हात घालून उचलून बघायचा आणि एखादं पोतं पुढे-मागे सरकवायचा. माझा ट्रेलर त्या दिवशी उलाळ होता. गाडी हलकी वाटत होती ती त्यामुळेच, मागून ट्रेलर तिला उचलत होता. मी खूश होत होतो, बैल असता तर त्याने मान हलवून सांगितलं असतं.

घरी आल्यावर मोजलं. १,६५० किलोचा भरलेला ट्रेलर आणि दांडीवर, म्हणजे ट्रेलरच्या हुकाला अडकणाऱ्या टोकावर, भार फक्त ४० किलो. जीप फिरवून सुलटी चढवली आणि सहा इंच पुढे घेतली, तर तोच भार १८० च्या आसपास. वजन तेच, जीप तीच. अमेरिकेतले लोक एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर ठेवतात. युरोपात कमी ठेवतात, पण तिथे ट्रेलर वेगळे आणि वेगही बेताचा. मी दहाच्या खाली जात नाही. मात्र तुझ्या हुकाला उभा भार किती चालतो हे त्याच्या पाटीवर असतं, त्याच्याही वर जायचं नाही. पाटीच नसेल तर तो हुक नव्हे, नुसतं लोखंड आहे.

मोजायला काही लागत नाही. चार फुटांची जाड फळी घे. एक टोक विटेवर, दुसरं बाथरूममधल्या वजनकाट्यावर. नुसत्या फळीचं वजन दिसेल ते लक्षात ठेव, नंतर वजा कर. आता विटेपासून बरोबर एक फुटावर दांडी टेकव, म्हणजे काट्यापासून ती तीन फुटांवर आली. काट्यावर येईल त्याची चौपट म्हणजे दांडीवरचा भार. ट्रेलर सपाटीला, दांडी गाडीला लावल्यावर असते त्याच उंचीवर, चाकांना दगडाची अडण लावलेली. आमच्याकडे हा प्रयोग झाल्यापासून तो काटा बाथरूममध्ये परत घेतलेला नाही, ग्रीस लागलंय म्हणे.

दुसरं गणित. हे १८० किलो गाडीच्या डिकीत ठेवल्यासारखे नसतात. हुक मागच्या एक्सलच्या साधारण साडेतीन फूट मागे असतो. तुझ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, २,७५० मिलिमीटर. हुक १,१०० मागे धरला तर पुढच्या चाकांवरून ७२ किलो उचलले जातात आणि मागच्या एक्सलवर २५२ पडतात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची पकड कमी. उसाच्या ट्रॅक्टरचं जे होतं तेच, फक्त डोळ्याला दिसत नाही. आणि हे १८० किलो गाडीच्या माणसं-सामानाच्या हिशोबातून वजा होतात. मागे तीन जण आणि बॅगा भरून ट्रेलर ओढायचा नसतो.

आता ब्रेक. तुझा फॅब्रिकेटर म्हणतो गाडीला आहेत की. ऑस्ट्रेलियात आपल्याच गाड्या विकल्या जातात, तिथे कंपनी ओढायचा आकडा छापते. एक्सयूव्ही ७०० ला तिथे ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी १,५०० किलो दिलेत, बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी ७५०. स्कॉर्पिओ एनला ब्रेकसकट २,५००, बिनब्रेकचे तिलाही ७५०च. म्हणजे बिनब्रेकचा ट्रेलर असेल तर खाली चॅसी कितीही दणकट असो, आकडा तोच. हे आकडे तिकडचे, तिकडच्या हुकासकट. इथे तुझ्या मॅन्युअलमधलं टोइंगचं पान आधी वाच, तिथे नको लिहिलं असेल तर विषय संपला. पण अंदाज यायला आकडे पुरेत.

ब्रेक म्हणजे इथे बहुधा ओव्हररनचे मिळतात. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे सरकतो, कपलरचा (दांडीच्या टोकाचा, हुकाच्या बॉलवर बसणारा भाग) दांडा आत दबतो आणि तो दाब रॉडने किंवा केबलने ट्रेलरच्या ब्रेकला जातो. वायर नाही, काही नाही. एकच कटकट: रिव्हर्स घेतानाही दांडा दबतोच, आणि ट्रेलर स्वतःच ब्रेक मारून उभा राहतो. त्यासाठी वेगळी कळ किंवा आपोआप सुटणारं हब असतं, ते आहे का विचार. नाहीतर कोथरूडच्या गल्लीत उलटं घेताना गिअरबॉक्सची वाट लागेल आणि पम्याचे सेक्रेटरी फोटो टाकतील.

अजून एक, लहान वाटेल. बॉल. बाजारात ५० मिलिमीटरचे आहेत, दोन इंची म्हणजे ५०.८ चे आहेत आणि पावणेदोन इंचाच्या वरचे ४७.६ चेही फिरतात. मला एका दुकानदाराने कपलर ५० चा आणि बॉल ४७.६ चा दिला होता, "सगळे एकच असतात" म्हणून. कपलर बसला, कडी लागली, वरून बघून काही कळेना. मला खडखड जरा जास्त वाटली म्हणून व्हर्निअर लावला. तसाच निघालो असतो तर एखाद्या स्पीडब्रेकरला कपलर वर उडून सुटला असता. बॉलवर माप कोरलेलं असतं, वाच. नसेल तर घेऊ नकोस. आणि साखळ्या दोन, दांडीखालून एकमेकींना ओलांडून, म्हणजे सुटलाच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते.

पण या सगळ्याच्या आधी एक काम कर. "जीप असेल टनभर" असं लिहिलंयस ना? वाईच्या आसपास भुईकाटा असेल, तिथे जीप ने. मग त्या तयार ट्रेलरचं वजन कर. पावत्या इथे टाक. मग बोलू.

सर्व्हेयर_ताई

काका, छान लिहिलंत. मी मोटार क्लेमचे सर्व्हे करते, माझ्या बाजूचं थोडं जोडते.

ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते. मोटार वाहन कायद्याचं ६१ वं कलम ट्रेलरसाठीच आहे. ट्रेलरचा नंबर त्याच्या बाजूवर, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे, कारण गाडीची स्वतःची पाटी झाकली जाते. वाईकर, त्या फॅब्रिकेटरला विचारा की त्याच्याकडे ट्रेलर बनवायच्या मान्यतेचा कागद आहे का. संगम पुलाच्या आरटीओत गेलात की पहिला प्रश्न तोच येणार. कागद नसेल तर तो ट्रेलर वजनाने कितीही चांगला असू दे, घेऊ नका. "कोणीतरी न्यायलाच आला नाही" यामागचं कारण मला तरी तेच दिसतंय.

इन्शुरन्सचं: ट्रेलरचा वेगळा विमा, आणि गाडीला हुक बसवल्याचं गाडीच्या विमा कंपनीला लेखी कळवणं. मी एक केस पाहिली, कुठली ते सांगत नाही. मागून कोणीतरी ठोकलं, चूक सरळसरळ मागच्याची, पण हुक कळवलेला नाही, ट्रेलर नोंदणीचा नाही, त्याचे ब्रेकलाइट पेटत नाहीत. त्या गृहस्थांना आपली चूक नाही हे सिद्ध करताना घाम फुटला.

दिव्यांवरून आठवलं. नव्या गाड्यांत टेललॅम्पची वायर सोलून ट्रेलरचे दिवे जोडू नका. गाडीच्या कॉम्प्युटरला जास्तीचा भार कळतो आणि डॅशबोर्डवर इशारे पेटायला लागतात. बॅटरीवरून वेगळी लाइन घेणारं रिले मॉड्यूल मिळतं, ते लावा.

वाईकर_कोथरूडात

काका, ताई, पम्या, सगळ्यांचे आभार. शनिवारी वाईला जाऊन आलो. शेजारच्या पाटलांच्या ट्रॅक्टरने जीप भुईकाट्यापर्यंत ओढली. काटेवाल्याने विचारलं, "भंगारात देताय का?" आईला वाईट वाटलं.

जीप: १,३१० किलो. टनभर म्हणत होतो, तीनशे किलो कुठे लपले होते कोण जाणे.

ट्रेलर: ५२०. फॅब्रिकेटर "चारशेच्या आत" म्हणाला होता. मान्यतेच्या कागदाचं विचारलं तर "करून घेऊ" म्हणाला. ताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

म्हणजे १,८३०, पट्टे-जॅक-हत्यारं वेगळीच. १,५०० मध्ये बसत नाही हे कळलं. पण जीपचा हार्डटॉप, स्टेपनी, मागची बाकं काढली तर? शंभर-सव्वाशे कमी होतील. आणि हलका ट्रेलर शोधला तर?

भोसरीकाका

बाकं काढून १,२०० झाली समज. राहिले तीनशे. तीनशे किलोत जीप पेलणारा, ब्रेक असलेला, दोन एक्सलचा लोखंडी ट्रेलर बनत नाही. तीस वर्षं लोखंड तोलतोय, एवढं सांगू शकतो. बनवून देतो म्हणणारा भेटेल, त्याने पत्रा कुठे पातळ केला ते तुला घाटात कळेल. आणि १,५०० हा आकडा काठोकाठ भरायला नसतो.

या गाडीने ही जीप ओढू नकोस. गाडी उत्तम आहे, माझ्या जावयाकडे तीच आहे. तिला वेगळी चॅसी नाही, हुक बॉडीच्या रेलवर बसतो, आणि कंपनीने स्वतःच तिची हद्द सांगितली आहे. तुला ट्रेलरच ओढायचा असेल तर टनाच्या आतलं ओझं बघ. लहान बोट, दोन बुलेट, छोटा कॅम्पर. मजेत ओढशील.

फ्लॅटबेडचा भाव काढलास का?

वाईकर_कोथरूडात

काढला. वाई ते कोथरूड साडेनऊ हजार. एकदा ठीक आहे, पण दर वेळी मुळशीला नाही परवडत.

पम्या_डेक्कन

मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, माझे साडेनऊ हजार कोण देणार?

भोसरीकाका

पम्या, तू गप.

वाईकर, आत्ता आणायला फ्लॅटबेडच कर, ब्रेक नसलेली जीप आहे, उगाच शौर्य नको. चढवताना विंचने ओढू देत, कोणी उतारावर तिच्या पुढे उभं राहू नका. टायर दगड झालेत म्हणतोस, तर ते बदलशील तेव्हा नव्याच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का बघ. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. जुना माल "नवा" म्हणून देतात.

जीप नीट झाली की मुळशीला स्वतःच्या चाकांवर ने. चांदणी चौकातून सकाळी साडेपाचला निघ, चाळीसने चालव. दात वाजतील, वाजू देत. पौड येईपर्यंत सवय होते.

आणि ट्रेलरची हौस असेल तर दिवाळीनंतर एका रविवारी भोसरीला ये. आपण तुझी जीप माझ्या ट्रेलरवर चढवू, माझ्या गाडीने देहूपर्यंत जाऊन येऊ. परत येताना तू चालव. वाटेत चहाला थांबलं की चारही हबला हाताची उलटी बाजू लावून बघायची, एखादा चटका देत असेल तर बेअरिंग कोरडं किंवा ब्रेक धरतोय. ते तुला दाखवतो, लिहून नाही कळत.

वाईकर_कोथरूडात

काका, नक्की येतो! मोजायला आमच्या बाथरूममधला काटा आणू का? १३० किलोपर्यंतच आहे तो, चालेल?

भोसरीकाका

चालेल, चौथाईच भार येतो त्यावर, पंचेचाळीस-पन्नास दाखवेल. आण, पण घरात विचारून आण. आणि खाली घालायला जुना पेपर आण.